पाकिटाचं टिच बटण सारखं निघतंय? गडबड बटणात नसते, ते बसवण्यात असते

तुमच्याकडचं चामड्याचं पाकीट किंवा बॅग हातात घ्या आणि तिचं बटण एकदा उघडबंद करून बघा. टिच्च असा खणखणीत आवाज आला, तर विषय संपला. पण बटण जागच्या जागी गोल फिरत असेल, दाबूनही लागत नसेल किंवा उघडताना अख्खी टोपीच हातात येत असेल, तर तुम्ही म्हणणार, "बटण बोगस निघालं."

बहुतेक वेळा बटण बोगस नसतं. चामड्याच्या जाडीला ते चुकीचं असतं, नाहीतर ते ठोकणारं अवजार त्या बटणाचं नसतं.

आता एवढ्याशा बटणावर एवढा विचार कशाला? तर चामड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, चामड्यात ती सोय नाही. त्यात बटण लागतं ते अगदी दर्शनी जागी, फ्लॅपच्या मधोमध. आठ दहा तास हाताने टाके घातलेलं पाकीट शेवटच्या एका ठोक्यात वाया जाऊ शकतं. घरी चामड्याच्या वस्तू करून इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या पोरापोरींना हे विचारा. परत आलेल्या मालात शिलाईच्या तक्रारी कमी आणि बटणाच्या जास्त, असंच ऐकायला मिळेल.

म्हणून बटण कुठलं घ्यायचं, ते ठोकायला काय घ्यायचं आणि ठोकायचं कसं, हे एकदा नीट समजून घेऊ.

एक बटण, चार तुकडे

आपण ज्याला टिच बटण किंवा प्रेस बटण म्हणतो, ते चार तुकड्यांचं असतं. फ्लॅपच्या बाहेरून दिसते ती टोपी. तिच्या पोटातून एक पोकळ नळी निघालेली असते, तिला आपण दांडी म्हणू. ही दांडी चामड्याच्या भोकातून आत जाते आणि आतल्या बाजूने तिच्यावर मादी, म्हणजे खळगा असलेला तुकडा बसतो. ही झाली एक जोडी. दुसरी जोडी पाकिटाच्या अंगावर. तिथे मागच्या बाजूने एक चपटी, दांडीवाली चकती येते आणि पुढून तिच्यावर नर, म्हणजे बोंडासारखा वर आलेला तुकडा बसतो.

आपण बटण लावतो तेव्हा नर मादीत अडकतो. पण बटण बसवतो तेव्हा खरं काम दांडीचं असतं. अवजाराचं टोक दांडीच्या पोकळ तोंडात शिरतं, हातोडीचा ठोका बसला की दांडीची कड बाहेरच्या बाजूला वळते आणि फुलासारखी उमलून खाली दबते. चामडं आणि वरचा तुकडा या वळलेल्या कडेखाली पकडले जातात. ना गोंद, ना टाका. सगळी पकड त्या मिलिमीटरभर वळलेल्या पितळेची.

या बटणाचा जन्म चामड्यासाठी झालेला नाही. जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते पुरुषांच्या विजारीसाठी. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात आल्बेर-पिएर रेमों यांनी हातमोज्यांसाठी त्याची आवृत्ती काढली. ग्रनोबल हे चामडी हातमोज्यांचं गाव, त्यामुळे बटण तिथून चामड्यात शिरलं. १९०३ मध्ये हान्स प्रिम यांनी त्यात तारेची स्प्रिंग घातली आणि पकड सुधारली. अमेरिकेत डेन्व्हरच्या जॅक वाइल यांनी १९४६ मध्ये रॉकमाउंट ही कंपनी काढून काउबॉयच्या शर्टाला हीच बटणं लावली. शर्ट कुठे अडकला तर झटका बसताच तो मोकळा व्हावा, हा त्यातला फायदा. हे गृहस्थ १०७ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत दुकानात येऊन बसायचे, पण तो वेगळा विषय.

नंबर बघून फसू नका

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "कुठला नंबर पाहिजे?" आणि इथेच घोळ सुरू होतो.

परदेशी मालावर लाइन २०, लाइन २४ असं लिहिलेलं असतं. लाइन हे बटणांचं जुनं माप आहे, एका इंचात ४० लाइन. म्हणजे लाइन २० ची टोपी साधारण अर्धा इंच, १२.७ मिमी, आणि लाइन २४ ची साधारण १५ मिमी. आपल्याकडे ऑनलाइन जो चिनी माल मिळतो त्यावर ६५५, ६३३, ८३१ असे आकडे असतात. हे माप नाही, मॉडेलचे नंबर आहेत. ६५५ म्हणजे १० मिमीच्या आसपास, ६३३ म्हणजे १२ च्या आसपास आणि ८३१ म्हणजे १५.

पण हे सगळे आकडे टोपी किती रुंद आहे एवढंच सांगतात. तुम्हाला हवी असलेली माहिती वेगळीच आहे, ती म्हणजे दांडीची लांबी. आणि ती पाकिटावर सहसा छापलेली नसते.

दांडी आखूड असेल तर ती चामड्यातून जेमतेम वर येते, कड वळायला धातूच उरत नाही. बटण बसल्यासारखं वाटतं आणि आठवड्याभरात सुटतं. दांडी लांब असेल तर उलटं होतं. जास्तीची लांबी कुठेतरी जायला हवी ना, ती एका अंगाला कलंडते. बटण तिरकं बसतं, खाली पोकळी राहते आणि ते फिरायला लागतं. फिरणारं बटण भोक घासत राहतं, भोक मोठं होतं आणि एक दिवस सगळं बाहेर.

अंदाज घ्यायचा साधा नियम असा: टोपीची दांडी चामड्यातून घातली की ती साधारण ३ मिमी वर दिसली पाहिजे. मग त्यावर मादी ठेवा. मादीच्या तळातून दांडीची कड वर डोकावली पाहिजे, पण फार नाही. अगदी बरोबर आकडा बटणागणिक बदलतो, म्हणून निकाल नेहमी त्याच चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर लावायचा.

त्यासाठी तुमचं चामडं किती जाड आहे हे माहीत हवं. आपल्याकडे जाडी मिमीमध्ये सांगतात, परदेशी व्हिडिओत औंसमध्ये. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी. म्हणजे व्हिडिओतला माणूस चार औंस म्हणाला की १.६ मिमी समजायचं. आणि जाडी मोजायची ती जिथे बटण बसणार तिथली. फ्लॅपला आतून अस्तर लावलंय? ते धरा. दोन थर चिकटवलेत? दोन्ही धरा. लाइन २० सारखी छोटी बटणं दीड मिमीच्या आतबाहेर चांगली बसतात, लाइन २४ त्याहून जाड कामाला. पट्ट्याच्या साडेतीन मिमी चामड्यात साध्या पाकिटाचं बटण बसवायला जाल तर दांडी आतच गुडूप होईल.

मग उपाय? दोन आहेत. चामडं जाड असेल तर फक्त बटणाच्या जागी आतून तासून पातळ करा. रापीला धार असेल तर दोन मिनिटांचं काम. चामडं पातळ असेल तर आतून त्याच चामड्याची गोल चकती लावून जाडी वाढवा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्याने दुसरा एक प्रश्न सुटतो. तो पुढे येतो.

घट्ट बटण म्हणजे चांगलं बटण? नाही

मादीच्या खळग्यात डोकावून बघा. काहींमध्ये दोन समांतर तारा दिसतात. ही एस स्प्रिंगची जात. काहींमध्ये तारेचं गोल कडं असतं. ही रिंग स्प्रिंगची. लाइन २० आणि लाइन २४ रिंगवाली, वर सांगितलेले ६५५, ६३३, ८३१ तारांची.

तारांचं बटण मऊ उघडतं. रिंगचं बटण घट्ट असतं, उघडायला जोर लागतो. दुकानदार तुम्हाला घट्ट असलेलं बटण "एकदम टॉप" म्हणून दाखवेल, आणि इथे थोडं थांबायचं.

बटण उघडताना तुम्ही जो जोर लावता तो कुठे जातो? चामड्यावर. दर वेळी भोकाच्या कडा खेचल्या जातात. बटण चामड्यापेक्षा दणकट असेल तर हरणार चामडं. एक मिमीच्या मऊ मेंढीच्या किंवा बकरीच्या चामड्यावर घट्ट रिंगचं बटण लावणं म्हणजे पुठ्ठ्याच्या दाराला तिजोरीचं कुलूप. कुलूप टिकेल, दार फाटेल. अशा वेळी एक तर तारांचं बटण घ्या, नाहीतर ती आतली चकती लावा. जोर पसरतो आणि भोक ताणत नाही.

चाकूचं म्यान, पट्ट्यावरचा पाऊच, हत्यारांची पिशवी, इथे मात्र रिंगच. वाकलं, पळालं, बाइकवर धक्के बसले तरी उघडता कामा नये. याच कामासाठी आणखी एक जात आहे, पुल द डॉट. ती फक्त एका बाजूने ओढली तरच उघडते, उरलेल्या तीन बाजूंनी कितीही खेचा. टोपीवरचा छोटा ठिपका उघडायची बाजू सांगतो. सैनिकी सामानावर ही दिसते. बसवताना ठिपक्याची दिशा चुकली तर पाऊच उघडणारच नाही, एवढंच.

लोखंड, पितळ आणि हिरड्याची शाई

बाजारात दोन बटणं शेजारी ठेवली तर दोन्ही सोनेरी दिसतात. एक पितळेचं, दुसरं लोखंडावर मुलामा दिलेलं. भाव वेगळा. ओळखायचं कसं? लोहचुंबक जवळ न्या. चिकटलं तर लोखंड. मात्र पितळी बटणातही स्प्रिंगची तार पोलादी असू शकते, त्यामुळे चारही तुकडे वेगवेगळे तपासा.

लोखंड गंजतं हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते किती लवकर गंजतं हे सांगायला नको. पण चामड्यात त्याहून मोठी भानगड आहे. वनस्पतींच्या सालीत आणि फळांत कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. बाभळीची साल, हिरडा ही त्याची आपल्याकडची जुनी साधनं. टॅनिन, लोखंड आणि ओलावा एकत्र आले की काळाशार रंग तयार होतो. कलमकारीतला काळा रंग याच गोष्टीवर चालतो, कापड आधी हिरड्यात भिजवतात आणि मग त्यावर लोखंडाचं पाणी चढवतात. तिथे ती कला आहे. तुमच्या नैसर्गिक रंगाच्या पाकिटावर बटणाभोवती तेच काळं वर्तुळ उमटलं की तो डाग आहे, आणि तो सहज जात नाही.

(अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, ती चामड्याच्याच वादीने शिवतात. घामाने आणि पाण्याने भिजणाऱ्या वस्तूसाठी हे किती शहाणपणाचं आहे ते या निमित्ताने लक्षात येतं.)

क्रोम टॅनिंगच्या चामड्यात, म्हणजे बाजारातल्या बहुतेक बॅगा ज्याच्या असतात त्यात, हा काळ्या डागाचा त्रास कमी. पण गंज आहेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: विकायची वस्तू असेल तर पितळ घ्या. एका बटणामागे वाचणारे दोनपाच रुपये परत आलेल्या एका पाकिटात निघून जातात. पितळही अगदी सोवळं नाही. चामड्यातल्या तेलाशी त्याची प्रक्रिया होऊन कडेला हिरवट मेण जमतं. पण ते कापडाने पुसलं की जातं.

घड्याळाचा पट्टा किंवा मनगटावर बसणारं काही करत असाल तर निकेलचा मुलामा टाळा. काही लोकांना निकेलने खाज सुटते, पुरळ येतं. युरोपात त्वचेला लागून राहणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावं यावर कायद्याने मर्यादा आहे.

आता अवजार

इथे तीन रस्ते आहेत.

पहिला, सगळ्यात स्वस्त. हाताने ठोकायची सळई आणि खाली ठेवायची छोटी ऐरण. संच काही शे रुपयांत मिळतो. ऐरणीला एका बाजूला खोलगट वाटी असते, दुसरी बाजू सपाट. टोपी ठोकताना ती वाटीतच ठेवायची. सपाट लोखंडावर ठेवून ठोकलीत तर टोपीचा घुमट चेपून पापड होतो. नवख्या हाताची ही खूण लांबूनच ओळखू येते.

वाटीही टोपीच्या मापाची हवी. मोठ्या वाटीत छोटी टोपी डुलते, छोट्या वाटीत मोठी टोपी कडेवर टेकते आणि तिच्यावर चंद्रकोर उमटते.

सळईचं टोक नीट बघा. ते गुळगुळीत हवं, कारण दांडीची कड त्याच्यावरूनच घसरत वळते. टोकावर खरखर असेल तर कड वळण्याऐवजी फाटते. तारांच्या बटणाच्या मादीसाठी सळई वेगळी येते. तिचं नाक दोन तारांच्या मधून जाईल इतकं अरुंद असतं. रिंगच्या बटणाची सळई तिथे चालवलीत तर तारा दबतात आणि बटण कायमचं ढिलं. "एकाच सेटमध्ये सगळी बटणं" अशी जाहिरात दिसली की म्हणूनच सावध व्हा.

माझा सगळ्यात उपयोगी सल्ला हाच: बटण आणि ते ठोकायचं अवजार एकाच ठिकाणाहून, एकाच बनावटीचं घ्या. लाइन २४ नाव सारखं असलं तरी दोन कंपन्यांच्या दांड्या आणि घुमट तंतोतंत सारखे नसतात. पुण्यात बोहरी आळी असो की मुंबईत धारावीचा चामडं बाजार, दुकानात जाताना चामड्याचा तुकडा बरोबर न्या आणि तिथेच एक बटण ठोकून मागा.

दुसरा रस्ता हँड प्रेस. टेबलावर बसवायचं लोखंडी यंत्र, दांडा खाली ओढला की डाय सरळ रेषेत दाबला जातो. किंमत हजारांत जाते आणि प्रत्येक बटणाचा डाय वेगळा घ्यावा लागतो. पण ठोका तिरका पडण्याचा प्रश्नच संपतो. महिन्याला पाचदहा पाकिटं करत असाल तर गरज नाही. पन्नास करत असाल तर घ्या. घेताना डायच्या मागच्या आट्यांचं माप प्रेसला जुळतंय का ते विचारा, सगळ्या प्रेसचे आटे सारखे नसतात.

तिसरा रस्ता पक्कड. रंगीत प्लास्टिकची बटणं आणि त्यांची पक्कड बाळाच्या दुपट्यांसाठी, कापडासाठी छान. चामड्यासाठी नको. प्लास्टिकची दांडी जाड चामड्यात चेपून कलते आणि दिसायलाही ते शोभत नाही.

आणि अवजार घ्यायचंच नसेल तर? सॅम ब्राउन नावाची घुंडी मिळते. मागून स्क्रू, पुढे गोल बोंड, आणि फ्लॅपला एक भोक व छोटी चीर. ठोकाठोक शून्य. हे नाव ज्या पट्ट्यावरून आलं तो सॅम्युअल ब्राउन या अधिकाऱ्याचा. १८५८ मध्ये पिलीभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला, आणि एका हाताने तलवार सांभाळता यावी म्हणून त्याने तो पट्टा तयार केला. जाड चामड्याला ही घुंडी उत्तम, पातळ मऊ चामड्यात तिची चीर सैल पडते.

ठोकताना

आधी भोक. दांडी जेमतेम शिरेल एवढंच. "थोडं मोठं असू दे, सहज जाईल" हा मोह आवरा. टोपीची आणि मागच्या चकतीची दांडी वेगवेगळ्या जाडीची असू शकते, म्हणून दोन्ही व्हर्नियरने मोजा. भोक पंचानेच पाडायचं. आरीने टोचून पाडलेलं भोक चामडं बाजूला सारतं, कापत नाही.

दुसऱ्या भोकाची जागा पट्टीने मोजून ठरवू नका. आधी फ्लॅपवरची जोडी बसवा, मग पाकिटात नेहमी जेवढं सामान असणार तेवढं भरा, फ्लॅप मिटवा आणि दाबा. मादीचा गोल ठसा खाली उमटतो, तीच जागा. रिकाम्या पाकिटावर मोजलेलं बटण भरल्या पाकिटावर कधीच लागत नाही.

ही दुसरी जोडी अस्तर शिवायच्या आधी ठोकायची. मागची चकती अस्तराखाली गेली पाहिजे, नाहीतर ती नोटा आणि कार्डं घासत बसते.

आता जागा. गादीवर, सतरंजीवर, हलणाऱ्या टेबलावर ठोकू नका, अर्धा जोर उसळण्यात जातो. फरशीवाल्याकडून ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा आणा, टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठेवा, त्यावर ऐरण. सळई काटकोनात उभी धरा. पहिला ठोका हलका, फक्त कड उमलवण्यासाठी. थांबून बघा, दांडी सरळ आहे का. मग दोनतीन दमदार ठोके. एकाच दणक्यात काम उरकायला गेलात की दांडी हमखास कलते.

झाल्यावर बटण दोन बोटांत धरून फिरवून बघा. फिरलं तर आणखी एक ठोका. तरीही फिरलं तर दांडी लांब आहे, ठोकत राहून उपयोग नाही. नर दाबून चपटा झाला असेल तर तो मादीत अडकणार नाही, तो बदलावाच लागतो.

चुकलेलं बटण काढायचं असेल तर पक्कडीने खेचू नका, चामडं फाटतं. आतल्या बाजूने निपरने वळलेली कड थोडी थोडी कुरतडा, किंवा कड जाईपर्यंत ड्रिलचा बारीक बिट हलक्या हाताने फिरवा. ड्रिलखाली बटण फिरू लागलं तर लगेच थांबा, गरम धातू चामडं जाळतो. तुकडे सुटे झाले की भोक बघा. ताणलं नसेल तर त्याच मापाचं नवं बटण चालेल. ताणलं असेल तर आतून चकती चिकटवा, तिला नव्याने बरोबर मापाचं भोक पाडा आणि एक नंबर मोठ्या टोपीचं बटण लावा. जुना व्रण टोपीखाली झाकला जातो.

तुमच्या कोपऱ्यावरचे चांभारकाका हे काम करून देतात. त्यांच्याकडे वस्तू नेताना फक्त एवढं सांगा की जुन्या बटणाचे सुटलेले तुकडे फेकले नाहीत, सोबत आणलेत. ते बघून माप लगेच कळतं.